पाहुण्याची नाडी

घरावरची पाण्याची टाकी साफ करायला चढलो होतो. शिडी घसरली. दोष शिडीचा, पाय मोडला माझा. मुलगा म्हणाला, "या वयात वर चढायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हणालो, "टाकीनं." त्यानंच उचलून इस्पितळात नेलं.

बसा. दिवा राहू द्या तिथंच. मधे काही विचारू नका; मला सलग सांगता येतं, तोडून नाही.

हाडांच्या वॉर्डात मला ठेवलं. पायाला दोरी, दोरीला वजन, आणि ते वजन खाटेच्या पायथ्याशी लोंबकळतंय. जन्मभर लोहारकाम केलं, लोखंडाला हवं तसं वाकवलं. आता लोखंडानं मला टांगून ठेवलं होतं. फिनेलचा वास, ओल्या प्लॅस्टरचा वास, आणि खिडक्यांना हिरवे पडदे. भर दुपारीसुद्धा माणसांचे चेहरे शेवाळलेले दिसायचे.

माझी नात त्याच इस्पितळात नर्सिंग शिकत होती. पहिलंच वर्ष. वर्गातलं शिकून झालं आणि मुलींना प्रत्यक्ष वॉर्डात कामाला लावलं. नर्सचं काम म्हणजे गोळ्या वाटणं, अशी माझी समजूत. पडल्यापडल्या बघितलं तेव्हा फिटली. भांडी उचला, ओकाऱ्या पुसा, नातेवाइकांची बोलणी खा, डॉक्टर आले की भिंतीला चिकटा. सिस्टरनं "ए, नवी" म्हटलं की चार मुली धावायच्या. बसायला मात्र बंदी. एक जण स्टुलाला टेकून उभ्याउभ्या झोपलेली मी पाहिली आहे.

त्यांना शिकवणारी बाई एप्रनच्या खिशात पट्टी ठेवायची. चादरीची दुमड पट्टीनं मोजायची. मुलींनी तिचं नावच पट्टी ठेवलं होतं. "पट्टी आली," असं कुणी कुजबुजलं, की आम्ही रोगीसुद्धा सरळ झोपायचो.

नात आधीच्या वॉर्डात जखम धुताना चक्कर येऊन पडली होती. पट्टीनं तिला नापास केलं. आणखी एकदा नापास झाली की घरी. माझ्या मुलाचं हार्डवेअरचं दुकान. त्यानं बजावून ठेवलं होतं, "परत आलीस की गल्ल्यावर बसायचं. शिक्षणाचं नाव काढायचं नाही." पोर माझ्यापाशी रडली नाही. रोज यायची, माझं मनगट धरायची आणि नाडी मोजायचा सराव करायची.

"तीन बोटं लावायची, आजोबा. अंगठा नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तो लावला की आपण आपलीच मोजत बसतो."

"मग सोपंच की. मढ्याचीपण लागेल."

"हसू नका. यावरच मुली नापास होतात."

माझ्या समोरच्या खाटेवर एक माणूस होता. रस्त्यात बेशुद्ध सापडलेला. नाव नाही, गाव नाही, भेटायला येणारं कुणी नाही. उद्या दुसऱ्या वॉर्डात हलवू, असं सगळे रोज म्हणायचे, म्हणून त्याला पाहुणे म्हणायला लागले. डोळे अर्धे उघडे. हात कायम चादरीबाहेर, तळवा वर. मुली सरावाला त्याच्याकडेच जायच्या, कारण तो कुरकुर करत नसे. आणि त्या गेल्या, की तो बघायचा माझ्याकडं. एकदा मी विचारलं, "काय हवंय?" त्यानं ओठ हलवले. आवाज आला नाही.

परीक्षेच्या दुपारी वीज गेली. पंखे थांबले. इतका वेळ ते आवाज करत होते, हे थांबल्यावर कळलं. पट्टी आली, मागून नात. नातीच्या कपाळावर घाम.

"पाहुण्यांची नाडी, श्वास, ताप," पट्टी म्हणाली. "कर सुरू."

नातीनं त्याचं मनगट धरलं. नजर घड्याळावर. मी तिची बोटं बघितली. तीन. वॉर्डात कुणी खोकलंसुद्धा नाही.

"अडुसष्ट," ती म्हणाली.

पट्टीनं त्याचं दुसरं मनगट धरलं. मग मानेला बोटं लावली. मग पापणी वर केली. मग सावकाश तिनं चादर सारखी केली.

"हा कधीचा गेलाय," ती हळू म्हणाली. "अंग गार पडलंय. तुला गार लागलं नाही?"

"लागलं, मॅडम."

"आणि नाडी?"

"तीपण लागली."

"अंगठा लावलास."

"नाही, मॅडम. तीन बोटं."

पट्टी तिच्या जवळ सरकली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "हे बघ. भीतीनं होतं असं. अंगठा लागला म्हणून कबूल कर, मी पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा घेते. पण मेलेल्या माणसाची नाडी ठासून सांगणारी मुलगी मला वॉर्डात चालणार नाही."

हो म्हण, पोरी, मी मनात म्हणालो. एक शब्द, आणि सुटलीस. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"बोटाला लागलं तेच सांगितलं, मॅडम."

"बाई," मी म्हणालो, "मी बघत होतो. तीनच बोटं होती."

"आजोबा, तुम्ही पडून राहा."

"पाय टांगलाय माझा. दुसरं काय करणार?"

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. पट्टीनं दार ओढून घेतलं.

"पुन्हा धर त्याचं मनगट. मोठ्यानं मोज. तुझा दुसरा हात माझ्याकडं दे. मी तुझी नाडी धरते. दोन्ही एकच निघाल्या, की तुझं तुलाच कळेल."

बाई पक्की होती. मला ती त्या क्षणी आवडली.

"एक..." नात मोजू लागली. "दोन... तीन..."

रोगी कोपरांवर उठून बसले. हात मोडलेले, मानेला पट्टा लावलेले, सगळे. माझ्या अंगावर काटा होता, पण खोटं कशाला बोलू, कुस्ती निकालाला आली की रक्त उसळतं, तसं मला होत होतं. पोर पैज लावून उभी होती आणि मागं हटत नव्हती.

"अकरा... बारा..."

पट्टीचे ओठ हलत होते. तीही मोजत होती, पण भराभर. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"तुझी तर धावतेय," ती कुजबुजली. "एकशेवीसच्या वर आहे. आणि तू..."

"सतरा... अठरा..."

संथ. सरळ. ज्यानं जन्मभर घण मारला, त्याला ठोका ओळखू येतो. हा ठोका माझ्या ओळखीचा होता. कुठला, ते आठवेना. मी माझ्याच मनगटावर तीन बोटं ठेवली.

"बावीस..."

बोटाखाली ठोका.

"तेवीस..."

ठोका.

छाती धडधडायला लागली. आणि समोरून नात म्हणाली, "मॅडम... वेग वाढला."

तिचे आकडे आता एकमेकांवर आदळत होते. मी डोळे मिटले. भट्टी अंगावर आली की लोहार श्वास आवळतो आणि हळू सोडतो. तसा सोडला. पुन्हा. पुन्हा.

"कमी झाला," नात म्हणाली.

माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. मी मनगट चादरीखाली घेतलं.

"पुरे," पट्टी म्हणाली. आवाज फाटला होता. डॉक्टर आले, छातीला नळी लावली, म्हणाले, सकाळीच गेलेला दिसतोय. ते गेल्यावर पट्टी नातीच्या कानाशी वाकली. "पास," ती म्हणाली. "आणि कुणापाशी बोलू नकोस."

माणसं ढकलगाडी घेऊन आली. पाहुण्यांना उचललं. एक चाक कुरकुरत होतं. माझी बोटं माझ्या मनगटावरच होती. गाडी दारापर्यंत गेली, ठोका बारीक झाला. गाडी व्हरांड्यात वळली, आणखी बारीक. कुरकुर ऐकू येईनाशी झाली, आणि बोटाखाली काही राहिलं नाही. मी दाबून बघितलं, हात बदलून बघितलं.

संध्याकाळी नात उड्या मारत आली. "गल्ल्यावर आता बाबांनाच बसू दे," म्हणाली, आणि लाडानं माझं मनगट धरलं. मग बोटं सरकवून पुन्हा दाबली. दुसरं मनगट धरलं. गळ्याशी बोटं लावली.

"सांग," मी म्हणालो.

"लागत नाही, आजोबा." तिनं बोटं पुन्हा मनगटावर आणली. "पण तुम्ही बोलताय..."

"बोलतोय. भूकही लागलीय. बघ काही मिळतं का."

पाय जोडला. घरी आलो. पुढं ती सिस्टर झाली, वॉर्ड सांभाळू लागली. दर सुटीला येते, मनगट धरते, "नाही," म्हणते आणि चहा टाकायला जाते. एवढंच. डॉक्टरांना मी हात देत नाही. कशाला त्यांचं शिक्षण वाया घालवा? माणसाला कशाचीही सवय होते.

आज दुपारी तिनं मनगट धरलं आणि नाही म्हणाली नाही.

"आजोबा... लागतेय."

"उशिरा का होईना," मी म्हणालो.

"फार बारीक आहे. लांबून येतेय, असं वाटतंय." थोड्या वेळानं म्हणाली, "आता नीट लागतेय. वेग आहे. चालणाऱ्या माणसाची असते तशी."

मी सकाळपासून या खुर्चीतून उठलेलो नाही.

तेव्हापासून तिनं हात सोडला नाही. बघतच आहात तुम्ही. तुम्ही आलात तेव्हा ठळक लागत होती, आता त्याहून जोरात लागतेय. मघाशी मी तिला दाराला कडी लावायला सांगितलं, तर उठेना. डोळे घड्याळावर, ओठ हलताहेत. घाबरलीय की हरखलीय, मला कळत नाही. त्या दुपारीही असंच तोंड झालं होतं तिचं.

काय गं? मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही.

ती म्हणतेय, वेग उतरतोय. चालून आलेला माणूस दाराशी उभा राहिला, की उतरतो तसा.