दोराबाहेरची जागा

उडता टेहळ्या ड्रोन फेरी मारून परत आला आणि पडद्यावर कालोरा डोंगराचे चौकोन रंगू लागले. काटेरी ओकचे हिरवे, ओव्यासारख्या वासाच्या थाइमचे जांभळे. मधले सतरा मात्र राखाडीच राहिले. राखाडी म्हणजे नाव नाही, आणि नाव नाही म्हणजे जाळायचे.

"एलेनीआजींची जागा आहे, मॅडम," मदतनीस प्रबोध म्हणाला.

भूमध्य समुद्राकाठच्या या डोंगरावर पाऊस पडतो हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. वणवे आवरेनासे झाले तेव्हा सरकारनं ठरवलं, की ज्यांची ओळख पटली आहे तेवढेच वनस्पतिसमाज, म्हणजे नेहमी एकत्र वाढणाऱ्या झाडाझुडपांचे गट, राखायचे. उरलेलं आपणच आधी जाळून वणव्याची वाट अडवायची. ओळख पटवायचा टेहळ्या, आणि टेहळ्याला शिकवलं होतं याच मॅडमच्या, डॉ. शाल्मली उकिडवे यांच्या तीस वर्षांच्या नोंदींनी.

बाईंची शिस्त कडक. दहा मीटरचा चौकोन दोरानं आखायचा तो एकसारख्या जागेवरच. बांध, पायवाट, शेळ्यांनी खाल्लेली कड दिसली, की दोर उचलून पुढे. तीस वर्षं त्यांनी सरमिसळीला नाकं मुरडली. मग यंत्राला ती कशी ओळखू यावी? पण चूक आपली, असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"नवा समाज म्हणून नोंदवू या ना," प्रबोधनं सुचवलं.

"दहा ठिकाणी सारखा सापडल्याशिवाय? मग शास्त्र कशाला म्हणायचं?"

एलेनी पंचाहत्तरीची, एकटी. थाइममध्ये नाशपतीची झाडं, त्यांच्या सावलीत कोवळे ओक, चार शेळ्या आणि एक खोली. बाई तिला भेटायला वर गेल्या, तेव्हा दोघींच्या कानांत दुभाषी बटणं होती.

"ही नाशपती कोणी लावली?" बाईंनी विचारलं.

"सासूनं आठ, मी अकरा. का गं पोरी?"

बाईंना दया आली. स्वतःला काही सोडावं लागत नाही तेव्हा येते, तसली दया. "इथं नुसतं थाइम असतं, तर जागा वाचली असती," त्या म्हणाल्या. "नियमापुढे माझं काही चालत नाही." नियम त्यांचाच होता.

आठ दिवसांनी टेहळ्या पुन्हा फिरला आणि सतराही चौकोन जांभळे झाले. बाईंनी टाळी वाजवली. "वाचली बघ म्हातारी!"

प्रबोध खालचा मजकूर वाचत होता. त्याचा चेहरा पडला. "शुद्ध थाइम समाज, वर्ग एक. माणसं आणि जनावरं पंधरा दिवसांत हलवावीत." शेळ्या थाइम कुरतडतात आणि माणसं शेळ्या आणतात, म्हणून हे कलमही बाईंनीच सुचवलं होतं. वरच्या कार्यालयानं फोनवर हात वर केले.

दोघं वर गेले. एकोणीसच्या एकोणीस झाडं, कोवळ्या ओकांसकट, बांधाला आडवी पडली होती, मुळं उन्हात वाळलेली. कुदळ चालवून एलेनीच्या हातांची सालं निघाली होती, तरी तिनं हसून दोघांना बसायला दगड पुसून दिला. सांगणं प्रबोधलाच भाग पडलं. बाई थाइमकडे बघत उभ्या राहिल्या.

एलेनीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती उठली, एका नाशपतीचं खोड दोन्ही हातांनी धरून उभं करू लागली आणि बाईंकडे वळून म्हणाली, "पोरी, ही सगळी परत लावली, तर मला राहू देशील?"