धनीबाईचं सारवण

२००६ सालची गोष्ट. मेडशीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं सात. महिन्यातून एकदा फादर यायचे आणि मिस्सेची प्रार्थना व्हायची धनीबाईच्या रिकाम्या गोठ्यात. बैल विकल्यावर तिनंच तो झाडूनपुसून दिला होता. जागा कायमची मिळाली तर इथं चर्च उभं राहील, असं फादर म्हणाले होते.

धनीबाई माझी थोरली जाऊ. डावखुरी. तिच्यासारखी सारवणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. आमचा हात उजवीकडून फिरायचा, तिचा डावीकडून. शेणाचे अर्धगोल एकात एक असे बसत की वर पाय ठेवायला जीव होत नसे.

त्या ऑक्टोबरात ती अंथरुणाला खिळली. मुलाला, जगदेवला, गोठा सोयाबीनसाठी हवा होता. त्यानं कुलूप घातलं, चावी कमरेच्या करगोट्याला बांधली. मी समजवायला गेले.

"काकू, तुमाले चर्च देलं तं माह्या पोत्यायले जागा कोन देईन?"

"तुह्या मायची इच्छा हाय, बापू."

तो हसला. "मंग म्हना तिले, ऊठ! रविवारी तिनं सोता जमीन सारवून देल्ली, तं घ्या गोठा."

खाटेवरून धनीबाई एवढंच म्हणाली, "बोलला तू. ध्यानात ठेवजो."

शुक्रवारी दुपारी ती गेली. शनिवारी आम्ही तिला माती दिली.

रविवारी उन्हं वर आल्यावर पोती ठेवायला जगदेवनं कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच थांबला. मी मागून डोकावले.

जमीन नुकतीच सारवलेली होती. अर्धगोल डावीकडून फिरलेले.

सारवताना बाई आतून सुरुवात करते, मागं सरकत दाराशी संपवते. इथं दाराशी वाळत आलं होतं. आत, वेदी म्हणून ठेवलेल्या मेजापाशी, अजून ओलं चकाकत होतं.

पाऊल एकही उमटलेलं नव्हतं.

"काकू," जगदेव हळूच म्हणाला, "चावी तं माह्याजवळच होती."

फादर आले तेव्हा त्यानं ती त्यांच्या हातात ठेवली.

पुढं त्याच जागी पक्कं चर्च झालं. फादर बदलून गेले. जगदेवनं विटा वाहिल्या, जन्मभर दर रविवारी दार उघडलं. फक्त जमिनीला कधी हात लावला नाही, ते बायांचं काम म्हणून. २०१९ला फरशी बसली. तरी दर वर्षी ऑक्टोबरातल्या त्या रविवारी सकाळी फरशीवर ओले अर्धगोल दिसतात. दाराकडून वाळत जातात. आम्ही कोणी पुसत नाही.

गेल्या पावसाळ्यात जगदेव गेला. चावी आता त्याच्या मुलीकडे, निकिताकडे. यंदा त्या रविवारी तिनं मला हाताला धरून आत नेलं.

धनीबाईच्या अर्धगोलांशेजारी दुसरी रांग होती. उजव्या हाताची. वाकडीतिकडी, कधीच न सारवलेल्या माणसाची.

दोन्ही वेदीपाशी संपत होत्या.