बेलसरे बाईंचा हात

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी परभणीच्या साथ-रुग्णालयातल्या चौथ्या खाटेवरच्या रुग्णाने श्वासनलिकेत नळी घालायला परवानगी दिली आणि त्याच दमात वळणमोजे वापरायला मनाई केली. रुग्णाचं नाव डॉ. सुमित्रा बेलसरे, निवृत्त भूलतज्ज्ञ. राज्यातल्या प्रत्येक वळणमोज्यात जो हात होता, तो त्यांचाच.

डॉ. मुक्ता लोहकरेला वाटलं, बाईंचा ताप डोक्यात गेला.

हा ताप श्वासावाटे पसरतो. घशात नळी घालताना डॉक्टरचं तोंड रुग्णाच्या तोंडापासून हातभरही दूर नसतं, म्हणून डॉक्टर नखशिखान्त बंद पोशाखात असतात. त्या पोशाखात काचेवर वाफ धरते, स्टेथोस्कोप कानाला लागत नाही आणि मोज्यांच्या तीन थरांतून बोटांना काही कळत नाही. साथीच्या पहिल्या लाटेत कसलेले हात चाचपडले आणि माणसं गेली. त्यावर वळणमोजे निघाले. मोज्याच्या अस्तरात स्नायूसारखे आखडणारे, सैलावणारे धागे असतात. बेलसरे बाई नळ्या घालत असताना त्यांच्या बोटांची हरेक हालचाल आणि हरेक जागचा जोर नोंदवून घेतला होता. आता मोजा समोरचा घसा कॅमेऱ्यातून पाहतो, तसाच घसा बाईंच्या नोंदींत शोधतो आणि घालणाऱ्याची बोटं त्या वळणाने नेतो. मूल अक्षर गिरवतं तसं. फक्त इथे गिरवणाऱ्याला पाटीकडे बघायचीही गरज उरत नाही.

मुक्ताने शेकडो नळ्या घातल्या होत्या. मोज्यांशिवाय एकही नाही.

"बाई, पण का?" तिने पोशाखाच्या ध्वनिवर्धकातून विचारलं.

बेलसरे बाईंनी प्राणवायूचा मुखवटा थोडा उचलला. "आवाज ऐकतेयस ना माझा? फुटका भोंगा. आत सूज आहे. अशा घशात माझा हात थांबतो. मोजा थांबत नाही."

"मोजा म्हणजे तुमचाच हात की."

"निम्मा." बाईंनी दम घेतला. "जिथे मी नळी मागे घेतली, दुसरी वाट धरली, त्या नोंदी मोजे चालवणाऱ्या केंद्राने काढून टाकल्या. अयशस्वी म्हणून. मी भांडले. तर म्हणे, बाई, अपयश कशाला शिकवायचं?"

ब्रदर इरफानने मुखवटा परत बसवला. "बाई, बोलू नका. ब्याऐंशीवर आलाय प्राणवायू."

"डॉक्टरला बोलू नका म्हणतो," मुखवट्याआडून आवाज आला. "हुशार आहेस."

मुक्ता हसली नाही. अशा सुजलेल्या घशांत मोजा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जोर लावतो, घशात घालायच्या पात्यावर रक्त दिसतं, हे तिने पाहिलं होतं. तशी काही माणसं तिच्या हातून गेली होती. दर वेळी अहवालात तापाचं नाव लागलं. तिनेही तेच लावलं होतं.

काचेपलीकडे बाईंचे पती दिनकरराव बेलसरे फोन कानाला लावून उभे होते. आयुष्य टपाल खात्यात काढलेला माणूस, आवाज मोठा. मुक्ताने त्यांना समजावून सांगितलं: बाईंना पूर्ण झोपवणार नाही. स्नायू सैल करायचं औषध दिलं तर त्यांचा स्वतःचा श्वास थांबेल, आणि नळी गेली नाही तर हातात काहीच उरणार नाही. घसा बधिर करून, श्वास चालू ठेवून प्रयत्न करायचा.

"ते तुम्ही ठरवा. पण कुणाच्या हातांनी?"

"माझ्या."

"तुम्ही आजवर किती घातल्यात स्वतःच्या हातांनी?"

मुक्ताची नजर स्वतःच्या मोज्यांवर गेली.

"डॉक्टर, अख्खं राज्य तिच्या हातांवर जगतंय. आणि तिला स्वतःलाच ते मिळायचे नाहीत? घरात भाकरीसुद्धा दुसऱ्याला थापू देत नाही ती!"

"काका, त्यांनीच नको म्हटलंय."

"ती मला पण आयुष्यभर नको म्हणत आलीय," दिनकरराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज बसला. "करा. लवकर करा."

इरफानने मोज्याच्या मनगटावरची कळ बंद केली. धागे सैलावले. मुक्ताला आपली बोटं एकदम जड आणि परकी वाटली. तिने घशात बधिर करणारा फवारा मारला, थोडी वाट पाहिली, मग कॅमेऱ्याचं पातं जिभेवरून आत सरकवलं. ते पहिल्यांदा वाकडं गेलं. तिने सरळ केलं. पडद्यावर स्वरयंत्र दिसलं: दोन फुगलेल्या कडा आणि मध्ये एक चीर, प्रत्येक श्वासाला उघडमीट करणारी.

तिने सर्वांत बारीक नळी पुढे नेली. टोक कडेला टेकलं. बोटांना काहीच कळलं नाही. पडद्यावर मात्र टेकल्या जागी कड पांढरी पडली आणि रक्ताचा एक थेंब आला. आणखी थोडा जोर दिला असता तर नळी गेलीही असती. किंवा ती चीर कायमची मिटली असती.

मुक्ताने नळी मागे घेतली.

"वाफेतून सूज उतरवायचं औषध चालू कर," ती इरफानला म्हणाली. "सर्जनना बोलाव. गळ्याला खालून छेद देऊन नळी बसवावी लागेल."

"ते शस्त्रक्रियेत आहेत. अर्धा तास म्हणतायत."

काचेपलीकडे दिनकररावांनी फोन उचलला. "जमलं का?"

"नाही. मी थांबले."

"तिच्या हाताने गेली असती?"

"मोज्याने घातलीच असती, काका. पुढे काय झालं असतं, ते मला सांगता येणार नाही."

औषधाने बाईंचा प्राणवायू अठ्ठ्याऐंशीवर आला आणि तिथेच राहिला. त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी मुक्ताकडे बघून दोन बोटं उचलली. शाबासकी की 'पुन्हा कर', ते तिला कळेना.

इतक्यात भिंतीवरच्या पडद्यावर केंद्राचा निरोप उमटला. धागे बंद असले तरी मोज्याचा कॅमेरा चालू असतो. "खाट चार. प्रयत्न अयशस्वी. नोंद वगळली."

सातव्या खाटेचा भोंगा वाजला. चाळिशीतला गृहस्थ, घसा साधा, श्वास मात्र संपत आलेला. असे घसे मोजा पहिल्याच प्रयत्नात सोडवतो.

"मॅडम, कळ चालू करू ना?" इरफानने विचारलं.

मुक्ताने मनगट पुढे केलं. धागे ताणले गेले आणि पातं हातात यायच्या आधीच तिच्या बोटांनी त्याची पकड घेतली.

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. चौथ्या खाटेवर आकडा अठ्ठ्याऐंशी. सर्जन अजून आले नव्हते.