हिवराकडे वळणारा चेंडू

मुलांनो, जवळ एखादी काठी असेल तर हातात घ्या. नसेल, तर आहे असं समजा.

आता समोर काळं, मोकळं वावर आहे असंही समजा. हरभरा नुकताच निघून गेलाय. फेब्रुवारी संपत आलाय. दुपारचे साडेबारा वाजलेत आणि रानातली माणसं जेवायला घरी गेली आहेत.

तुमच्या पायाशी एक छोटा पांढरा चेंडू आहे. तो सरळ मारायचा आहे.

भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल. ही गोष्ट भर दुपारची आहे. तळेगावच्या शिवारात, गेल्याच वर्षी घडलेली. ज्यांच्या वावरात घडली, त्या मनोहररावांनीच ती सांगितली. त्यांना गोष्ट रंगवता येत नाही. म्हणूनच ती खरी वाटते.

तर... त्यांच्या नातीनं, बारा वर्षांच्या खुशीनं, चेंडू मारला.

चेंडू सरळ निघाला. अर्ध्या वाटेवर गेला... आणि उजवीकडे, वावराच्या कडेला धुऱ्यावर असलेल्या हिवराच्या झाडाकडे वळला.

"आबाजी, पुन्हा!" खुशी ओरडली. "पुन्हा तिकडंच गेला!"

मनोहररावांनी नागपुरात तीस वर्षं गोल्फच्या मैदानावरचं गवत राखलं होतं. बघून बघूनच ते हा खेळ शिकले. आता गावी टमाटे लावत होते, आणि बाजूचं हे वावर त्यांनी त्याच वर्षी मक्त्यानं घेतलं होतं. रविवारी नागपुरात गोल्फसाठी मुलांची निवड होणार होती. दहा चेंडू मारायचे, त्यातले आठ सरळ गेले तर वर्षभर फुकट शिकवणार. खुशीचा बाप धर्मेंद्र सिंदी मेघेत दुकान चालवायचा. त्यानं पोरीला चार दिवस इथे सोडताना बजावलं होतं, "रविवारी नाव नाई लागलं, तर हे काठी-चेंडू माळ्यावर. मंग पुन्हा नाव काढाचं नाई."

आज गुरुवार होता. खुशीचा एकही चेंडू सरळ जात नव्हता.

चेंडू असा वळतो त्याला गोल्फवाले स्लाइस म्हणतात. तुमच्या हातातली काठी विळ्यासारखी बाहेरून आत ओढून पाहा. असं ओढलं की काठी चेंडूला कापत जाते. चेंडू गरगर फिरतो आणि उजवीकडे पळतो.

"डावी मूठ जराशी उजवीकडं वळव," आबाजी न चिडता म्हणाले. "बोटांच्या दोन गाठी दिसल्या पायजेत. अन् उजवी काख बंद. काख उघडली का चेंडू गेला."

त्यांनी आपला दुपट्टा घडी करून तिच्या काखेत दिला. "हा पडू देजो नोको. अन् झाडाकडं नोको पाहू. दगडाकडं पाह्य."

दगड म्हणजे नेमाची खूण. चेंडूच्या पुढे दोन हातांवर खूण ठेवायची आणि तिच्यावरून मारायचं, ही आबाजींची शिकवण. त्यासाठी त्यांनी सकाळीच धुऱ्यावरच्या हिवराखालून एक दगड उचलून आणला होता. भाकरीएवढा, चपटा. कधीतरी चुना लावलेला असावा, थोडा पांढरा दिसत होता.

खुशीनं दगडावर नजर ठेवली. काख घट्ट धरली. मारला.

सरळ... सरळ... आणि उजवीकडे. थेट हिवराखाली.

"मी सगळं तर बरोबर करून राह्यली! मंग काऊन?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

या वेळी आबाजींनाही चूक दिसली नव्हती. मूठ बरोबर. काख बरोबर. दुपट्टा जागेवर.

आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती...

चेंडू मातीत पडला की 'थप्प' असा आवाज येतो.

तो आला नव्हता.

बादलीत एकवीस चेंडू होते. खुशीनं एकवीसच्या एकवीस मारले. सगळे हिवराकडे गेले.

एकदाही थप्प नाही.

शेवटचा चेंडू गेला आणि साळुंक्यांचा कलकलाट एकदम थांबला.

दोघं चेंडू वेचायला गेले. हिवराखाली पोचले... आणि उभेच राहिले.

चेंडू विखुरलेले नव्हते. ढीग करून मांडलेले होते.

पाच. पाच. पाच. पाच. आणि एक चेंडू वेगळा, बाजूला.

"आबाजी, मजाक नोका करू."

"मी तर तुह्याच संग होतो, पोरी."

आजूबाजूला कोणी नव्हतं. मातीत पावलंही नव्हती.

शुक्रवारी तेच झालं. मूठ वळवली, पाय मागे घेतला, हळू मारला, जोरात मारला. चेंडू ऐकेनात. दुपारी खुशीनं काठी फेकून दिली.

"मले येतच नाई! माळ्यावर टाका ते!"

आबाजींनी काठी उचलली, दुपट्ट्यानं तिची माती पुसली आणि पुन्हा खुशीच्या हातात दिली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हा गोटा कोनं आनला इथं?"

अनुसयाबाई होत्या. बाजूच्या वावरात टमाटे तोडायला यायच्या. दोन दिवस बहिणीकडे, आष्टीला गेल्या होत्या. चेंडूंचे ढीग त्यांनी पाहिलेच नव्हते. त्या दगडाकडे पाहत होत्या.

"मीच आनला, बाई," मनोहरराव म्हणाले. "असाच पडला होता."

"पडला नोयता, भाऊ. ठेवला होता."

आपल्याकडे लहान लेकरू गेलं की त्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. वर एक दगड ठेवतात.

"माही वर्षाली हाय तिथं. सहा वर्साची होती. तापानं गेली." अनुसयाबाई खाली बसल्या आणि पदरानं दगड पुसू लागल्या. "मी टमाटे तोडो, अन् तिले हिवराखाली बसवो. मोठी गुणाची. खाली पडलेले टमाटे वेचे अन् पाच-पाचचे ढीग लावे. पाचाच्या समोर मोजता येतच नोयतं तिले. मी म्हनो, शिकवीन उद्या..."

खुशीनं आबाजींचा हात घट्ट धरला.

ढिगांबद्दल त्या दोघांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत मनोहररावांनी दगड जागेवर ठेवला. चुना लावला. हात जोडून म्हणाले, "माफ कर, माय. माहीत नोयतं."

शनिवारी नेमासाठी त्यांनी एक लाकडाची ढलपी ठेवली. खुशीनं मूठ वळवली, काख बंद केली, मारला.

सरळ. शेवटपर्यंत सरळ.

थप्प.

"पाह्य, काख बंद राह्यली आज," आबाजी म्हणाले. पण ते बोलताना त्यांची नजर हिवराकडे होती.

रविवारी नागपुरात दहापैकी आठ चेंडू सरळ गेले. खुशीचं नाव यादीत लागलं. धर्मेंद्रनं स्वतः पेढे आणले.

सोमवारी दुपारी खुशी बादली न्यायला वावरात आली. आबाजी मागून येत होते. शनिवारनंतर त्या बादलीला कोणी हात लावला नव्हता.

बादली रिकामी होती...

खुशी जिथे उभी राहून मारायची, त्या जागेसमोर ढीग मांडलेले होते.

पाच. पाच. पाच. पाच.

आणि एक चेंडू नेमका तिथे ठेवलेला, जिथून ती मारायची.

पळ, असं मनोहररावांना ओरडायचं होतं. ते आजही हे सांगताना इथे थांबतात, पाणी पितात. त्या वावरात दुपारी ते आता जात नाहीत.

खुशी पळाली नाही.

तिनं खांद्यावरची काठी हातात घेतली. डावी मूठ डावीकडे फिरवली, अगदी पूर्वी चुकायची तशी. काख उघडी सोडली आणि मारला.

चेंडू वळला. हिवराकडे गेला.

थप्प आलं नाही.

"एक," ती मोठ्यानं म्हणाली.

दुसरा मारला. "दोन." मग तीन. मग चार. "पाच."

रान गप्प होतं. साळुंकीसुद्धा बोलत नव्हती.

खुशीनं खाली वाकून आणखी एक चेंडू ठेवला आणि झाडाकडे तोंड करून, अगदी सावकाश, समजेल असं म्हणाली,

"आता याच्या समोरचा... सहा."