मामाच्या गाडीतला फुस्स

"गाडीत साप आहे," असं म्हणत सशीने दोन्ही पाय सीटवर ओढून घेतले.

मामाने आरशातून तिच्याकडे बघितलं. "काल पलंगाखाली चोर होता, आज साप. उद्या काय, मगर?"

दादा आणि ढब्बू खो खो हसले. दादा मामाचा मुलगा, त्याचं एक वेळ ठीक. ढब्बू तर तिचा सख्खा धाकटा भाऊ, त्याने तरी हसायला नको होतं. पान हललं तरी दचकते म्हणून 'सशी' हे नाव मामानेच ठेवलेलं. सुट्टीत टेकडीवरच्या त्याच्या घरी आलं की ते दिवसभर ऐकावं लागायचं.

पण आवाज आला होता. गाडी फाटकासमोर थांबताना मामाच्या पायापाशी कुठेतरी फुस्स झालं आणि गाडीला हुडहुडी भरली. काचा खडखडल्या. सशीचे दातही वाजले, पण ते गाडीमुळे नाही.

"हल्ली उभी राहिली की थडथडते," मामा म्हणाला. "अ‍ॅव्हरेज पण पार बसलंय. नवे प्लग टाकले, तरी पेट्रोल पितेच आहे. पंपवालेच लबाड, दुसरं काय! बघू नंतर. संध्याकाळी तळ्यावर जायचंय ना?"

तळं टेकडीच्या पायथ्याशी होतं. रस्ता म्हणजे नुसता उतार, वळणं आणि एका बाजूला दरी.

दुपारी दादाने काठी घेतली, सशीने टॉर्च. सीटखाली, पायपुसणीखाली, डिकीत, सगळीकडे शोधलं.

"साप नाही," दादा म्हणाला, "पण ढब्बूची हरवलेली चप्पल मिळाली."

मग मामीने गाडी दाराशी आणली. सशी खिडकीजवळच उभी होती. मामीने ब्रेक दाबला, फुस्स! गाडी थडथडली. पाय उचलला, आवाज बंद.

"किती कडक झालाय हा ब्रेक," मामी पुटपुटली आणि सामान आणायला आत गेली.

"दादा, साप ब्रेक दाबल्यावरच फुस्स करतो," सशी कुजबुजली. तिला सापापेक्षाही जास्त भीती वाटायला लागली.

दोघं शेजारच्या काकूंकडे पळाले. त्या आपली गाडी स्वतःच दुरुस्त करायच्या, आणि ती अंगणातच होती. मुलांचं ऐकून काकूंनी इंजिन बंद ठेवून ब्रेक काही वेळा दाबला, मग पाय तसाच ठेवून गाडी चालू केली. "बघा, पॅडल आपोआप थोडं खाली गेलं. ब्रेकला इंजिनाची मदत असते. पुढे एक चपटा डबा असतो, त्यातली हवा इंजिन ओढून घेतं, म्हणून पायाला जोर लागत नाही. डब्यातलं रबर फाटलं तर नको ती हवा इंजिनात शिरते. गाडी थडथडते, पेट्रोलही जास्त खाते." बोलता बोलता त्या थबकल्या. "आणि ब्रेक दगडासारखा होतो. पळा, मामाला म्हणावं गाडी हलवू नकोस. मी आलेच."

दोघं परत आले तेव्हा मामा स्टीअरिंगवर होता, इंजिन चालू, शेजारी मामी. मागे ढब्बू पोहायची ट्यूब कवटाळून बसला होता.

"मामा, ब्रेक बिघडलाय. जाऊ नकोस."

"सापाचा ब्रेक झाला का? बसा लवकर."

मामाचा हात गिअरवर गेला. सशीला एकदम ती दरी दिसली, आणि ट्यूब धरून बसलेला ढब्बू दिसला. तिने खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवून काढली आणि मागे सरली.

"किल्ली दे," मामा म्हणाला. इतक्या कडक आवाजात तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. तिला रडू येत होतं. मूठ मात्र सुटेना.

आपले बाबा ओरडून सांगितलं तर ऐकायचे नाहीत, पण पैजेला नाही म्हणायचे नाहीत, हे दादाला पक्कं ठाऊक होतं. "बाबा, पैज! गाडी बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा. मग पाय तसाच ठेवून चालू करा. पॅडल आपोआप खाली गेलं, तर सुट्टीभर गाडी मी धुणार. नाही गेलं, तर गाडी हलवायची नाही."

"मग बादली आणूनच ठेव," मामा म्हणाला.

सशीने किल्ली दिली. मामाने सांगितल्याप्रमाणे केलं. फुस्स झालं, गाडी थडथडली. पॅडल तसूभरही हललं नाही. मामाने सगळा भार टाकून पाहिला, मग हँडब्रेक ओढून इंजिन बंद केलं आणि उतरून पायरीवर बसला.

"इतके दिवस जोर लावून दाबत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच वय झालं."

"तळ्यावर कधी जायचं?" ढब्बूने विचारलं. मामीने त्याला ट्यूबसकट उचलून घेतलं.

तेवढ्यात काकू आल्या. "पोरांनी सांगितलं ना?"

"सांगितलं," मामा म्हणाला. "मी हसत होतो."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने डबा बदलला आणि आतलं फाटलेलं रबर दाखवलं. "हे कोणी ओळखलं?"

मामाने सशीला पुढे केलं. "आमच्या भाचीने. मी म्हणतो, ती घाबरली म्हणूनच आम्ही सगळे धड आहोत."

मग एकदाचे सगळे तळ्यावर निघाले. मामाने गाडी चालू केली, ब्रेकवर पाय ठेवला आणि थांबला.

"सशे, काही ऐकू येतंय?"

तिने श्वास रोखला. स्वतःच्या छातीची धडधड तेवढी ऐकू येत होती.

"काही नाही."

"निघू?"

"परत एकदा दाब."

मामाने मुकाट्याने परत दाबला.

"आता चल," सशी म्हणाली.