काखेतली बाटली

"हे घे... आणि मुकाट्याने चाचणीच्या कपात ओत!"

काखेत धरून आणलेली इवलीशी बाटली ताईने धाकट्या भावाच्या हातात कोंबली.

"काय आहे हे?"

"माझी लघवी. कोमट आहे तोवर जा, सिस्टर कपाचं तापमान बघतात."

"शी! ताई, तू पार वाया गेलीस गं!" तो केविलवाणा हसला, आणि त्या हसण्यासरशी दारूचा ओळखीचा आंबूस भपका आला... सकाळी फोनवर त्याने रडत कबूल केलं होतं, ते खरंच होतं.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या पोराला सात वर्षांपूर्वी आवाज ऐकू येऊ लागले, आणि ते आवाज बुडवायला तो पिऊ लागला. मनोरुग्णालय म्हणालं, आधी दारू सोडवून आणा. व्यसनमुक्ती केंद्र म्हणालं, आधी डोक्याचे उपचार करा! शेवटी केंद्राने एका घोटापायी त्याला बाहेर काढलं, आणि चौदा महिने तो पुलाखाली राहिला. ठरलेलं लग्न मोडून, प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळत ताई त्याला शोधत हिंडली... मग हे 'मधलं घर' मिळालं. रस्ता आणि स्वतःचं घर यांच्या मधलं. एकाच छपराखाली खोली, मनाचे डॉक्टर आणि दारूवरचा इलाजही. पाय घसरला तरी इथून कुणाला काढत नाहीत, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं; पण ताईचा विश्वास डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवर, आणि तिने पाहिलं होतं ते वेगळंच!

पाच मिनिटांत सिस्टर चाचणीची पट्टी बघत बाहेर आल्या.

"शाब्बास, लिफ्टवाले! एकदम स्वच्छ. डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, चाचणी चांगली आली तर आजपासून नवी गोळी. आवाज दबतील, शांत झोप लागेल."

त्यांनी वेष्टन फोडलं. ताईने त्यावरचं नाव वाचलं; प्रयोगशाळेतल्या कामामुळे ते तिला ठाऊक होतं. हे औषध दारूवर पडलं तर श्वास मंद होतो, आणखी मंद होतो... तिच्याच बाटलीने त्याचा जीव जाणार होता! बोलावं तर तो पुन्हा रस्त्यावर, न बोलावं तर... भावाने गोळी उचलली. ती ओठांपाशी पोचली.

"थांब! सिस्टर, ती लघवी त्याची नाही, माझी आहे! तो प्यायलाय!"

"ताई!" तो किंचाळला. "तूच दिलीस आणि तूच सांगतेस? ते आवाज म्हणतच होते, ही तुला विकणार!"

तिने त्याची मूठ दोन्ही हातांनी आवळली. "हव्या तेवढ्या शिव्या दे मला... पण श्वास घेत राहा रे!"

सिस्टरांनी गोळी काढून घेतली, डॉक्टरांना हाक मारली. ताई मात्र खोलीत जाऊन त्याचे दोन सदरे, टॉवेल, कंगवा पिशवीत भरू लागली.

"हे काय चाललंय?" सिस्टर दारात उभ्या.

"काढणार ना त्याला?"

"अहो, आजार उलटला म्हणून पेशंटला रस्त्यावर टाकतात का? शिक्षा आहे, पण तुम्हाला. खोटा नमुना दिला की नातेवाइकांची भेट चार आठवडे बंद."

चार आठवडे! तो जिवंत आहे हे दोन दिवस डोळ्यांनी पाहिलं नाही, तर तिला अन्न गोड लागत नसे. तरीही तिने नियमाच्या कागदावर सही केली.

डॉक्टर त्याच्या खाटेवर बसून विचारत होते, "आधी आवाज वाढले की आधी प्यायलास?" हे दोन प्रश्न एकत्र त्याला आजवर कुणी विचारलेच नव्हते. तो हुंदके देत सांगत होता... चार दिवसांपासून आवाज वाढले होते, आणि बाहेर काढतील या भीतीने त्याने ते लपवले होते. अगदी ताईसारखंच!

ती निघाली तेव्हा त्याने मान वर केली नाही. दाराशी पोचली, तेव्हा मागून हाक आली.

"ताई... ते अजून बोलतायत. म्हणतात, तू परत येणार नाहीस."

ती दारातच वळली. "अठ्ठावीस दिवसांनी येईन. सकाळी दहाला."

"बरं," तो डोळे पुसत म्हणाला, "मग मी त्यांना तसं सांगतो."