सतरावी वेल

"मॅडम, तुम्ही चुकीच्या वेलीपुढे गुडघे टेकलेत."

मी बुंध्याजवळची माती खुरप्याने उकरत होते. वर पाहिलं, तर एक तरुण. हातात छाटणीची कात्री, भुरभुर पावसात ओले झालेले केस, आणि चेहऱ्यावर अख्खं खोरं स्वतःचं असल्याचा रुबाब.

"जुन्या वेलींच्या नोंदवहीसाठी आलेय. तपासणीला."

"मग आमची रांग पलीकडे, वाळूत. चला."

वाटेत त्याने मला पाठ असलेलाच इतिहास ऐकवला. मी मुकाट ऐकला... सांगताना त्याचे हात फार छान हलत होते. सव्वाशे वर्षांपूर्वी मुळं खाणाऱ्या किडीने खोरं उजाड केलं. मग किडीला दाद न देणाऱ्या परदेशी मुळांवर सगळ्यांनी आपल्या द्राक्षांची कलमं बांधली, आणि इथली वाइन पुन्हा जगभर गेली. फक्त त्याच्या पणजोबांच्या बेचाळीस वेली स्वतःच्या मुळांवर टिकल्या. वाळूत ती कीड तगत नाही.

"बेचाळीसच्या बेचाळीस?"

"घरात तसंच सांगतात," तो म्हणाला. हात खिशात गेले.

नियम साधा. चिठ्ठ्या काढून तीन वेली उकरायच्या. रांगेत एक जरी कलमी निघाली, तर रांग बाद. चिठ्ठ्या निघाल्या – पाच, अकरा, तीस. तिन्ही अस्सल. त्याचे बाबा उलट्या टोपलीवर बसून बघत होते. मी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा..." तो म्हणाला. "सतरावी उकरा."

"तिची चिठ्ठी निघालेली नाही."

"म्हणूनच सांगतोय."

उकरली. बुंध्यावर कलमाची गाठ होती.

"एकोणीस वर्षांचा होतो. ट्रॅक्टर मागे घेताना जुनी वेल मोडली. गुपचूप दुसरी आणून लावली. आज गप्प बसलो असतो, तर या रांगेबद्दल पुन्हा ताठ मानेने बोलता आलं नसतं."

"आठ वर्षं त्या वेलीच्या बुंध्याशी मी खुरपतोय," बाबा म्हणाले. "गाठ काय मला दिसत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू कधी बोलतोस ते बघत होतो. आज बोलला नसतास, तर मी बोललो असतो." आणि ते छाती काढून घराकडे निघाले, जणू रांग पास झाली होती.

"रांग बाद," मी हळूच म्हटलं. "पण वेलींची एकेक करून नोंद होते. अडतीस उरल्यात. दिवसाला चार उकरल्या, तर दहा दिवस."

"तीन उकरल्या तर?"

"तेरा."

"मग दोनच उकरू. घाईत मुळं दुखावतात."

एकोणिसाव्या दिवशी वहीत एक्केचाळीस अस्सल वेली होत्या. सतरावीपुढे मी लिहिलं: 'कलमी. लावणाऱ्याने स्वतः सांगितली.'

त्याने खांद्यावरून वाकून वाचलं. "आणि लावणाऱ्याबद्दल तुझं मत?"

"ते वहीत लिहायचं नसतं," मी म्हटलं, आणि त्याचा मातीने भरलेला हात हातात घेतला.